वर काही ठेवलं तर चालेल का?

प्रिय गाडीवाल्या,

पत्र पाहून दचकू नकोस. कुणी आजारी नाही. तुझ्या आई ठणठणीत आहेत, दुसरी गाडी शाबूत आहे, प्रोग्रामही सुरळीत चालू आहे. फोन करता आला असता, पण तुझा फोन गाडीत कायम स्पीकरवर असतो आणि मी नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी पलीकडून तुझी सगळी माणसं एका सुरात 'नमस्कार मॅडम' म्हणतात. अशा भरल्या सभेत मी काय कपाळ बोलणार? म्हणून हे पत्र दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. तो तुला तिकडे गाठणारच आहे. त्याला आधीच बजावून ठेवलंय की पाकीट नाजूक आहे, यावर काही ठेवायचं नाही. तो अगदी गंभीरपणे म्हणाला की पुढच्या काचेपाशी ठेवतो. तेव्हा कागद उन्हाने पिवळा पडला असेल तर दोष माझा नाही.

आता मुद्दा. या लांबच्या फेरीवर निघायच्या आदल्या संध्याकाळी तू मला घरी बोलावलंस. पुढच्या खोलीतला सोफा कुठेतरी गायब केला होतास आणि रिकाम्या भिंतीवर खडूने एक भला मोठा चौकोन काढून ठेवला होतास. मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, तुझं कपाट इथे बरोबर बसतं, मी माप घेतलंय. मग कान खाजवलास आणि म्हणालास, 'आणि तू, तुला पाहिजे तिथे बस. येतेस का कायमची राहायला?' लग्नाची मागणी घालायची ही काय रीत झाली, सांग बरं! चाळिशी केव्हाच उलटलेल्या बाईला आधी तिच्या कपाटाची जागा दाखवायची आणि मग तिची. आणि माझं तरी काय! मी उलट विचारलं, 'या भिंतीला ओल आहे का?' तू बिचारा भिंतीवर तळहात फिरवून म्हणालास, नाही, कोरडी आहे. मी पर्स उचलली आणि निघून आले. सकाळी तुझी गाडी गेली. तेव्हापासून तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधते आहे. ते या पत्रात आहे, पण शेवटी. एकदम शेवटचं पान उलटू नकोस. तू उलटणार हे मला माहीत आहे. निदान मला कळू देऊ नकोस.

तू पहिल्यांदा माझ्या खोलीवर आलास तो दिवस आठवतो? तोवर लोकांचं घरसामान हलवायला तुझी एकच गाडी होती आणि कोणाच्या घरचं कोणतं सामान कुठे रचायचं ते सगळं तुझ्या डोक्यात असायचं. मग दुसरी गाडी घेतलीस. डोकं मात्र एकच, ते एका वेळी दोन गाड्यांत कसं जाणार? म्हणून गाडी कशी भरायची त्याचं चित्र काढून देणारा प्रोग्राम तुला हवा होता. खालच्या सायकलवाल्याने तुला माझ्याकडे पाठवलं. तू जिना चढून आलास, दारात उभा राहिलास आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता कपाटाकडे बघत म्हणालास, 'हे वर कोणी चढवलं?' मी म्हटलं, बसा तरी. कसलं बसणं! खिशातून टेप काढलीस, कपाट मोजलंस, खाली जाऊन जिन्याचं वळण मोजलंस, धापा टाकत वर आलास आणि निकाल दिलास की हे शक्य नाही, एवढं कपाट या वळणातून येऊच शकत नाही. मी म्हटलं, पण ते आलंय. त्यावर तुझा चेहरा असा काही पडला की मला हसू आवरेना. माझ्या खोलीत आलेल्या कुणीच त्या कपाटाकडे इतकं मन लावून पाहिलं नव्हतं. अशा माणसाला चहा न देता कसं जाऊ द्यायचं?

ते कपाट बाबांचं. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे हे तुला माहीत आहे. शिशाची एकेक अक्षरं, कपाटाच्या सपाट खणांत छोटे छोटे कप्पे, आणि एका कप्प्यात एकच अक्षर. छपाई झाली की सगळे खिळे पुन्हा आपापल्या कप्प्यात परत टाकायचे. मी शाळेतून छापखान्यात जायचे आणि बाबांना त्या कामात मदत करायचे. कप्पा चुकला तर त्या क्षणी काहीच होत नाही, हीच त्यातली खरी गंमत. खिळा गुपचूप पडून राहतो. मग कधीतरी कुणीतरी न बघता तिथून उचलतो, कारण बोटांना सवय असते, आणि छापून आलेल्या कागदावर कोणाच्या तरी नावाचा विचका होतो. बाबा कधी ओरडले नाहीत, फक्त चष्म्यावरून बघायचे. ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं. छापखान्यात सगळं एकत्र असलेलं एकच खोकं होतं, आणि त्यात तुटलेले, झिजलेले खिळे टाकायचे, वितळवायला पाठवायचे म्हणून. तेव्हा सरमिसळ म्हणजे मोडीत निघालेला माल, हे माझ्या डोक्यात लहानपणीच पक्कं बसलं. पुढे प्रोग्रामिंग शिकले तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. तिथेही तेच. कोणत्या डब्यात कोणत्या प्रकारची वस्तू जाणार ते आधी सांगायचं, आकड्यांच्या डब्यात आकडे, नावांच्या डब्यात नावं. भलतं काही घालायला गेलात तर प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच कंपायलर नावाचा खडूस कारकून हात अडवतो. मला हा कारकून फार आवडायचा. अजूनही आवडतो, पण आता आमच्यात थोडे मतभेद आहेत.

तर मी तुझ्यासाठी पहिला प्रोग्राम लिहिला, आणि त्यात गाडी म्हणजे पेट्यांची यादी. फक्त पेट्या. प्रत्येक पेटीला लांबी, रुंदी, उंची, वजन. चित्रं इतकी सुबक यायची की मी स्वतःच्याच प्रेमात पडले होते. तू पहिल्याच घराच्या सामानाची यादी घेऊन आलास आणि वाचायला लागलास. गुंडाळलेला गालिचा. माशांची टाकी, माशांसकट. छताला टेकेल एवढं रबराचं झाड. तोल गेलेला झुलता आरसा. माझा कारकून एकेका वस्तूला दारातूनच परत पाठवत होता. मी म्हटलं, हे सगळं पेट्यांत घाला ना. त्यावर तू जे म्हणालास ते मी अजून लोकांना ऐकवते. तू म्हणालास, 'मॅडम, आमच्या गाडीत पेट्या कमी आणि भानगडी जास्त.'

मग मी काय केलं ते तुला तेव्हा नीट सांगितलं होतं, पण तू ऐकता ऐकता पेंगलास म्हणून पुन्हा सांगते. मी यादीचा प्रकारच बदलला. पेट्यांची यादी काढली आणि तिथे लिहिलं, काहीही. या यादीत काहीही घाला, कुणी अडवणार नाही. मला ते लिहिताना चोरी केल्यासारखं वाटलं, पण गालिचा गेला, मासे गेले, झाड गेलं, कारकून गप्प. मी टाळी वाजवली. गंमत पुढे होती. 'काहीही'च्या यादीत वस्तू घालायला सोपी, पण परत हातात येते तेव्हा तिच्या अंगावर काहीच लिहिलेलं नसतं. ती आरसा होती की झाड होती, यादी विसरून गेलेली असते. तिला काय समजायचं ते काढणाऱ्याने ठरवायचं. आणि मी, बोटांना सवय असल्यासारखी, प्रत्येक वस्तूला पेटीच समजत होते. पहिलं झाड हाती लागलं आणि प्रोग्राम आडवा झाला. तुझ्या आईंचा लगेच फोन आला, 'तुझा प्रोग्राम झोपला गं, उठव त्याला.'

तुझ्या आईंना सगळे 'हेड ऑफिस' म्हणतात ते उगीच नाही. बुकिंगचा फोन त्या घेतात, एका बोटाने टाइप करतात, आणि गिऱ्हाईक जे जे बोलेल ते ते लिहितात. एक शब्द गाळत नाहीत. त्यांच्यामुळेच मला तिसरा प्रोग्राम लिहावा लागला. आता प्रत्येक वस्तूबरोबर तिचा प्रकार लिहायचा, आणि वस्तू हातात आली की मी विचारायचे, तू गालिचा आहेस का? मग अशी ठेवते. टाकी आहेस का? मग तशी. झाड आहेस का? हे 'आहेस का, आहेस का' इतकं लांबलं की पडद्यावरचा कोड सरकवून सरकवून माझं बोट दुखायला लागलं. रोज संध्याकाळी तुझा फोन, 'मॅडम, आज मधमाश्यांची पेटी आहे. ही पेटीत धरायची की जनावरांत?' मी वैतागायचे आणि आणखी एक पायरी लिहायचे. आणि खरं सांगू, त्या फोनची वाटही बघायचे. एक दिवस तू फोन केला नाहीस तेव्हा मीच केला आणि विचारलं, आज काहीच विचित्र नाही का? तू म्हणालास, नाही, आज सगळं साधंच आहे. दोघांनाही वाईट वाटलं. प्रश्नांच्या त्या लांबलचक जिन्याच्या अगदी शेवटी मी एक ओळ घालून ठेवली होती. यांपैकी काहीच नसेल, तर खोकं समज. मला वाटलं, आता काय उरलंय?

उरले होते घड्याळवाले आजोबा. पुढची गोष्ट तू शंभरदा सांगतोस, पण मला माझ्या बाजूने एकदा लिहायची आहे. आजोबांकडे माणसाएवढं उंच लंबकाचं घड्याळ होतं आणि चार गल्ल्या पलीकडे मुलीच्या घरी जायचं होतं. त्यांनी हेड ऑफिसला फोनवर सांगितलं की घड्याळ एकटं जाणार नाही, मी त्याच्या शेजारी गाडीत मागेच बसणार. झालं. जे गाडीत जाणार ते लिहायला नको का? हेड ऑफिसने वस्तूच्या जागी लिहिलं, 'आजोबा'. मग फोनवरच त्यांची उंची विचारली, वजन विचारलं, आणि त्या भल्या माणसाने दोन्ही सांगितलं. प्रकार कोणता, तर यादीत आजोबा नव्हते. माझी शेवटची ओळ तयारच होती. सकाळी मी सहज गाडी भरताना बघायला आले, आणि तू हातात चित्राचा कागद घेऊन दगडासारखा उभा. कागदावर गाडीच्या तळाशी, मागच्या कोपऱ्यात एक लांबट खोकं, त्यावर लिहिलेलं 'आजोबा', आणि त्यांच्या अंगावर चार गाद्या, पुस्तकांची खोकी आणि शिवणयंत्र. आजोबांनी तुझ्या हातातून कागद घेतला, चष्मा लावला, स्वतःला शोधलं, आणि म्हणाले, 'चित्र छान आहे. पण माझ्यावर काय ठेवलेलं चालेल ते एकदा मला विचारायचं होतं.' तुझ्या माणसांपैकी कुणीतरी धीर करून विचारलं, काय चालेल? ते म्हणाले, 'मांडीवर लंबक. बाकी काही नाही. आणि दाराकडे तोंड हवं, मला बाहेर बघायला आवडतं.'

तू हसायला लागलास. तुझं ते हसणं मी तोवर ऐकलंच नव्हतं, गाडीचा पत्रा वाजावा तसं. हसता हसता माझ्याकडे वळलास आणि म्हणालास, 'अगं, हे काय करून ठेवलंस तू!' मॅडमवरून थेट अगं. बोलून गेल्यावर तूच चपापलास आणि लगेच दोरखंड तपासायला गेलास, जसा काही तो सुटलाच होता. मी तिथेच उभी राहिले आणि माझ्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी चालू होत्या. एक म्हणजे तो 'अगं'. तो कानात इतका गोड वाजत होता की मी दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. आणि दुसरी म्हणजे आजोबांचं म्हणणं. मी प्रत्येक वस्तूला विचारत होते, तू कोण आहेस? गाडीला ते कळून करायचं काय होतं? तिला एवढंच हवं होतं की तुझ्यावर काही ठेवलं तर चालेल का, तू आडवी चालशील का, तुला उजेड लागतो का, तुझ्या शेजारी काय नको.

मी घरी गेले आणि कोड खोडायला बसले. आहेस का, आहेस का, सगळा जिना पाडला. आता यादीत कुणीही येऊ शकतं, गालिचा, मासे, मधमाश्या, आजोबा. अट एकच, येताना या चार प्रश्नांची स्वतःची उत्तरं घेऊन यायचं. कारकूनही खूश, कारण उत्तरं आणली नसतील तर तो दारातच अडवतो. नवी भानगड आली की यादीला हात लावावा लागत नाही, त्या भानगडीची उत्तरं लिहिली की झालं. खोकं समज ही ओळ खोडली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीभर नाचले, खाली सायकलवाल्याने छताला काठीने ठोकेपर्यंत. इतक्या वर्षांत एवढं छोटं आणि एवढं सुंदर काही मी लिहिलं नव्हतं. आणि ते सांगायला पहिला फोन तुलाच केला.

तुझ्या घरी मी पहिल्यांदा आले ती मात्र वेगळीच परीक्षा होती. चहात साखर कमी वाटली म्हणून मी 'साखर' लिहिलेला डबा उघडला, न बघताच एक चमचा घातला, ढवळला आणि प्यायले. पक्ष्यांचे दाणे होते. साखर बिस्किटांच्या डब्यात, बिस्किटं शिवणाच्या पेटीत, शिवणाचं सामान तुझ्या जुन्या हेल्मेटमध्ये, आणि चहाच्या डब्यात गेली दहा वर्षं कोणत्या कुलपांच्या ते माहीत नसलेल्या किल्ल्या. मी हेड ऑफिसला विचारलं, काकू, न उघडता कसं कळतं आत काय आहे? त्या म्हणाल्या, 'उघडायचं की. घर कुणाचं आहे?' मी दाणे चावत बसले होते आणि तू कोपऱ्यात पत्रा वाजल्यासारखा हसत होतास.

म्हणून तो खडूचा चौकोन पाहिल्यावर मी पळाले, ते तू वाईट आहेस म्हणून नव्हे. मला कशाची भीती वाटते ते आता सरळ लिहिते, बोलून जमणार नाही. माझ्या ताईला तू पाहिलेलं नाहीस. ती इतकी सुरेख चित्रं काढायची की बाबा छापखान्यात तिची चित्रं भिंतीला लावायचे. ती ज्या घरात गेली ते लोक काही दुष्ट नव्हते. त्यांनी फक्त तिला काही विचारलं नाही. घरात बाई आली, म्हणजे ती सून, म्हणजे तिच्यावर हे ठेवायचं, ते ठेवायचं. ताई मजबूत होती, म्हणून मोडली नाही, आणि मोडली नाही म्हणून आणखी ठेवत गेले. यांपैकी काही नसेल तर खोकं समज, ही ओळ माणसं केव्हाच लिहून बसलेली असतात. मी माझ्या एका खोलीत एकटी सुखात आहे. माझे खण मी उघडते, मीच बंद करते. आणि तरी तू फेरीवर गेलास की माझी संध्याकाळ जात नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून इतके दिवस उत्तर सुचत नव्हतं.

तू गेल्यापासून मी हेड ऑफिसला नवा प्रोग्राम शिकवायला रोज दुपारी तुमच्याकडे जाते आहे. त्या झपाट्याने शिकल्या. काल म्हणाल्या, आता मी एकटी करते, तू नुसती गिऱ्हाईक हो. मी म्हटलं, बरं. त्यांनी चष्मा लावला, मी समोर दोन हातांच्या अंतरावर बसलेले असताना फोन कानाला लावला आणि अगदी बुकिंगच्या आवाजात विचारलं, 'वस्तूचं नाव?' मी म्हटलं, लिहा काहीही. त्यांनी एका बोटाने लिहिलं, 'मॅडम'. उंची, वजन. वजनात मी थोडं कमी सांगितलं, त्यांनी वर बघितलं आणि स्वतःच वाढवलं. मग विचारलं, 'वर काही ठेवलं तर चालेल का?'

मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. फोन कानाला तसाच धरून थांबल्या. आणि मग मलाही थट्टा करवेना. मी म्हटलं, थोडं चालेल. रोज नाही. आणि आधी विचारून. त्यांनी एकेक अक्षर शोधत ते जसंच्या तसं लिहिलं, 'आधी विचारून' सुद्धा. आडवं ठेवलं तर? मी म्हटलं, दुपारी जेवणानंतर तासभर, हलवायचं नाही. उजेड? खिडकीजवळची जागा हवी, मला तिथेच काम सुचतं. शेजारी काय नको? मी म्हटलं, तुमचा मुलगा येता-जाता तोंडाने वाजवतो ती शिट्टी. तेव्हा कुठे त्यांना हसू फुटलं आणि त्या म्हणाल्या, ते मी तीस वर्षं सांगतेय, लिहून ठेवते, पण हमी देत नाही. मग त्यांनी शहाणपणाने गाडीच्या जागी तुमच्या पुढच्या खोलीची मापं घातली. ती त्यांना तोंडपाठ होती, म्हणजे तुम्हा दोघांचं आधीच काहीतरी शिजलेलं आहे हे मला कळलं. कपाट घातलं, स्वतःची खुर्ची घातली, तुला घातलं, तुझा पलंग, पक्ष्यांचा पिंजरा, हेल्मेट. बटण दाबलं. चित्र आलं. भिंतीशी कपाट, खिडकीजवळ 'मॅडम', अंगावर काही नाही, आणि दोन पावलांवर तू. हेड ऑफिस चित्रावर बोट टेकवून म्हणाल्या, 'बसतेस की गं नीट. कुणाला हलवावंसुद्धा लागत नाही.' मी त्यांच्यासमोर डोळे पुसले आणि त्यांनी मला शिवणाच्या पेटीतून एक बिस्किट काढून दिलं.

तर आता, पानं उलटून इथे आलेल्या माणसा, आणि सगळं वाचून इथे आलेल्या माणसा, दोघेही ऐका. अख्खं कपाट जिन्याच्या वळणातून कधी आलंच नाही. तुझं माप बरोबर होतं. मागच्या फळीवर, वरून तिसऱ्या खणाच्या रेषेत, दोन लाकडी खुंट्या आहेत. लाकडाच्याच रंगाच्या, म्हणून दिसत नाहीत. त्या उपटल्या की कपाटाचे दोन भाग होतात आणि दोन माणसं ते हसत हसत खाली नेतात. बाबांनी छापखान्याच्या सुताराकडून तशी सोय करून घेतली होती. तुला मुद्दामच सांगितलं नाही, कारण ते कोडं सुटेना म्हणून तू दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून टेप घेऊन वर यायचास, आणि ते सुटलं असतं तर तू कशाला आला असतास? आता सांगते आहे, कारण आता ते खाली उतरवायचं आहे. परत येशील तेव्हा रिकामी गाडी आधी माझ्या दाराशी लाव. खणांना दोरी बांध, आतलं काही काढू नकोस, फक्त सगळ्यात खालचा खण जपून ने, त्यात मी या आठवड्यात तुझी विसरलेली टेप, आजोबांचं चित्र, पक्ष्यांचे थोडे दाणे आणि बाबांचे उरलेले चार खिळे एकत्रच टाकलेत, आणि त्याला नाव दिलेलं नाही. मी मागे कपाटाशेजारी बसणार आहे, दाराकडे तोंड करून. मांडीवर काय ठेवलेलं चालेल ते हेड ऑफिसला विचार, त्यांच्याकडे लिहिलेलं आहे. भिंत कोरडी आहे असं तू हात फिरवून सांगितलंस, आणि माझा तुझ्यावर विश्वास आहे. खडूचा चौकोन पुसू नकोस. मी येते आहे.

तुझीच,
मॅडम
(पण यापुढे 'अगं'च बरं वाटेल)